गोड्या पाण्यातल्या म्हाताऱ्या बोटी

७ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेत, डेट्रॉइटच्या दक्षिणेला असलेल्या एकोर्स नावाच्या गावी, नदीकाठच्या गोदीतून एक मालवाहू जहाज पाण्यात उतरले. लोकमान्य टिळक अजून मंडालेला गेले नव्हते. कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये दादाभाईंनी स्वराज्याचा उच्चार करायला अजून दहा महिने अवकाश होता. जहाजाचे नाव 'विल्यम पी. स्नायडर', लांबी ५५१ फूट, काम लोहखनिज वाहण्याचे. पुढे दोन महायुद्धे झाली, मंदी आली आणि गेली, साम्राज्ये बुडाली, आपल्याकडून इंग्रज गेले. या जहाजाचे मालक बदलले, नावे पाच वेळा बदलली, १९५० साली पोटातले इंजिन बदलले, साठच्या दशकात खनिज सुटले आणि सिमेंट नशिबी आले. शिकागोच्या नदीत ते शिरले की तिथले उघडझाप करणारे पूल हटकून अडकतात, अशी त्याच्याविषयी वदंता पसरली आणि ते अपशकुनी ठरले. पण नोव्हेंबर २०१३ मध्येही हेच जहाज, आता 'सेंट मेरीज चॅलेंजर' या नावाने, मिशिगन सरोवरातून स्वतःच्या वाफेवर सिमेंट वाहत होते. वय वर्षे १०७.

आपल्या मापाने हा चमत्कारच. समुद्रावर चालणारे मालवाहू जहाज पंचवीस-तीस वर्षांचे झाले की त्याची रवानगी अलंगच्या किनाऱ्यावर किंवा चितगावला होते. खारे पाणी लोखंडाचे काय करते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दर पावसाळ्यानंतर घराच्या खिडकीचे गज खरवडून रंगवणे हा तिथल्या संसाराचा भागच असतो. पण हे जहाज समुद्रावरचे नव्हतेच. शाळेच्या भूगोलात आपण 'पंचमहासरोवरे' म्हणून जी पाठ केली, ती सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईअरी आणि ऑन्टारिओ ही त्याची दुनिया. पाणी गोडे. त्यात लोखंड गंजते, पण वेळ घेऊन. शिवाय दरवर्षी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरपर्यंत सुपीरियर सरोवराच्या तोंडावरचे लॉक बंद असतात, बर्फ साचलेला असतो, आणि बहुतेक जहाजे बंदरात बांधून ठेवलेली असतात. हा दोन-अडीच महिन्यांचा सक्तीचा चातुर्मास म्हणजे डागडुजीचा काळ. पत्रे बदला, बॉयलर खरवडा, रंग द्या. असे लाड समुद्रावरच्या जहाजाला कुठले?

'सरोवर' हा शब्द इथे थोडा फसवा आहे. रंकाळा किंवा खडकवासला डोळ्यांसमोर ठेवून काही उमगणार नाही. या पाच सरोवरांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या चार पंचमांश. नोव्हेंबरमध्ये त्यावर ज्या लाटा उठतात त्या पाहून दर्यावर्दी माणसेही टरकतात. आणि तरीही तिथले खलाशी आपल्या हजार फुटी जहाजालाही 'शिप' म्हणत नाहीत, 'बोट'च म्हणतात. आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीला आम्ही जे म्हणायचो तेच. म्हणून मीही आता बोटच म्हणतो.

या बोटींचा उद्योग समजायला सोपा आहे. सुपीरियर सरोवराच्या पश्चिमेला, मिनेसोटा राज्यात, मेसाबी नावाची लोहखनिजाची डोंगररांग आहे. कोळसा आणि चुनखडी खालच्या बाजूला. पोलादाचे कारखाने गॅरी, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, हॅमिल्टन अशा पाणवठ्याच्या शहरांत. खनिज वरून खाली आणायचे तर सॉल्ट सेंट मेरी या गावी सुमारे एकवीस फुटांचा उतार लागतो, तो लॉकमधून उतरायचा. अमेरिकेचे पोलाद म्हणजे तिथल्या मोटारी, पूल, गगनचुंबी इमारती आणि दोन्ही महायुद्धांतले रणगाडे, हे सारे बव्हंशी या बोटींच्या पोटातून गेले आहे. जोडीला मीठ, सिमेंट, धान्य. बोटीचा घाटही वेगळा: सुकाणूची केबिन अगदी पुढे नाकावर, इंजिन अगदी मागे शेपटीला, आणि मध्ये फर्लांगभर लांबीचा सपाट माल-खण. १८६९ साली 'आर. जे. हॅकेट' नावाच्या लाकडी बोटीने हा घाट घालून दिला आणि तो शंभर वर्षे टिकला.

दोन वर्षांपूर्वी डेट्रॉइटला भाचीकडे महिनाभर राहण्याचा योग आला. तिथे मराठी माणसे पुष्कळ. पोलादावर, मोटारींवर आणि त्या मोटारींच्या संगणकांवर पोट असलेली. पण समोरच्या नदीतून जाणाऱ्या बोटींविषयी विचारले तर बहुतेक जण 'हो, जातात खऱ्या' एवढेच म्हणाले. मला मात्र नाद लागला. सेंट क्लेअर नदीच्या काठावर घरांच्या परसदारापासून हाकेच्या अंतरावरून या बोटी जातात. इतक्या हळू, की चहा संपतो आणि बोट अजून पुरती गेलेली नसते. काठावरचे पेन्शनर वही घेऊन बसलेले असतात: बोटीचे नाव, बांधणीचे साल, आज कुठून कुठे. त्यांच्या वह्यांतला बांधणीच्या सालांचा रकाना पाहून माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा झाला. १९४२, १९५२, १९५२, १९५९. नवे म्हणावे ते १९७९.

बँकेत आम्हाला यंत्रसामग्रीवर कर्ज देताना घसाऱ्याचा तक्ता लावावा लागे. यंत्राची किंमत दरवर्षी इतकी इतकी घटवायची, आणि काही वर्षांनी पुस्तकात ते जवळजवळ शून्यावर आणून ठेवायचे. पुस्तकी किंमत शून्य म्हणजे यंत्र मेले असे नव्हे. विदर्भात एका जिनिंग कारखान्याच्या तपासणीला गेलो असताना तिथे विलायतेहून आलेले, माझ्या आजोबांच्या वयाचे यंत्र सरकी आणि रुई वेगळी करत धडधडत होते. मालक अभिमानाने म्हणाले, ''साहेब, कागदावर हे कधीच वारलं. आता जे देतं ते सगळं वरकड.'' त्यांचे चूक नव्हते. फेडून झालेले यंत्र म्हणजे धंदेवाईकाचे खरे सुख. ना हप्ता, ना व्याज. तपासणीच्या छापील फॉर्मात पुस्तकी किंमत, बाजारभाव, विम्याची मुदत असे सगळे रकाने होते. त्या यंत्राच्या उघड्या पट्ट्याशेजारी उभ्या असलेल्या कामगारासाठी रकाना नव्हता.

सरोवरांवरच्या बोटी इतक्या जगल्या, त्याला गोडे पाणी जितके कारण आहे तितकेच हे हिशेबाचे सुख. त्यात कायद्याने भर घातली. १९२० साली अमेरिकेने कायदा केला, त्याला जोन्स कायदा म्हणतात. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर बोट अमेरिकेतच बांधलेली हवी, मालकी अमेरिकन हवी, खलाशीही प्रामुख्याने तिथलेच हवेत. तिथल्या गोदीत नवी बोट बांधणे आशियातल्यापेक्षा कितीतरी पटींनी महाग. मग मालक काय करणार? जुनीच दुरुस्त करणार. इंजिन बदलणार, मध्ये कापून शंभर फूट वाढवणार, नाहीतर कापून छोटी करणार. 'अल्पेना' ही १९४२ ची बोट १९९१ साली मधून १२० फुटांनी कमी करून सिमेंटच्या कामाला जुंपली, आणि ऐंशी ओलांडल्यावरही ती वाफेवर चालत राहिली. 'ली ए. ट्रेगर्था' ही महायुद्धात नौदलासाठी तेल वाहत होती, तिला २००६ मध्ये डिझेल इंजिन बसवले. आपल्याकडे एसटीच्या जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवतात, त्यातलाच प्रकार.

मग या बोटी गेल्या कशा? कारण गेल्या तर आहेतच. साठ वर्षांपूर्वी त्याच काठावर बसलेल्या माणसाची वही दिवसभरात भरली असेल. आता पानाला दिवस पुरतो.

मोठे कारण माल उतरवण्याचे. खनिज बोटीत भरणे सोपे असते. उंच धक्क्यावरून घसरपट्टीने सोडले की काही तासांत खण भरतो. उतरवताना दम निघे. पूर्वी फावड्यांनी माणसे उतरवत, त्याला दिवस लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी जॉर्ज ह्युलेट या माणसाने एक अजस्र यंत्र काढले. टोळाच्या पायासारखा लोखंडी हात बोटीच्या पोटात उतरायचा, त्याच्या टोकाला जबडा, आणि जबड्याच्या जरा वर, हाताच्या आतच, चालवणारा माणूस बसलेला. हाताबरोबर तोही दिवसभर बोटीच्या पोटात खाली-वर करायचा. क्लीव्हलंडची ही यंत्रे १९९२ पर्यंत चालली. त्यांना घालवले ते बोटीनेच. चुनखडी आणि कोळसा वाहणाऱ्या काही बोटींच्या तळाशी फार पूर्वीपासून पट्टा असे. माल पट्ट्यावर पडायचा आणि लांब सोंडेतून थेट काठावर ओतला जायचा. ओलसर, चिकट खनिजाला हे जमत नव्हते. १९५५ च्या सुमाराला मेसाबीचे उत्तम खनिज संपत आले, तेव्हा टॅकोनाइट हा हलक्या प्रतीचा दगड दळून, भाजून त्याच्या गोट्यांएवढ्या गोळ्या करायला सुरुवात झाली. गोळ्या पट्ट्यावरून सुरेख धावतात. स्वतःच स्वतःला रिकामी करणारी बोट आली आणि काठावर यंत्र, माणसे, धक्का यांतले काही लागेनासे झाले.

त्या दिवसापासून बोटींचे दोन वर्ण झाले: सोंडवाल्या आणि बिनसोंडेच्या. बिनसोंडेच्या बोटीचे पत्रे कितीही ठणठणीत असोत, तिला माल मिळेना.

'जॉन शेरविन'ची गोष्ट मला यातली सर्वांत करुण वाटते. १९५८ ची बोट. १९७३ साली मालकांनी पैसा ओतून ती लांब केली, ८०६ फुटांची. १९८१ च्या अखेरीस पोलादाचा धंदा बसला आणि तिला बांधून ठेवले. तात्पुरती. पुढच्या वर्षी सोंड बसवू, मग काढू. ते पुढचे वर्ष आले नाही. मधल्या काळात कोठार म्हणून वापरले, इकडून तिकडे ओढत नेले. २००८ साली खरोखरच मुहूर्त लागला. विस्कॉन्सिनमधल्या स्टर्जन बे या गोदीत नवे इंजिन आणि सोंड बसवायला घेतली, आणि त्याच हिवाळ्यात जगभर मंदी कोसळली. काम अर्ध्यावर थांबले. तिला पुन्हा ओढत नेऊन मिशिगनच्या डी टूर या गावी बांधली. चालली तेवीस वर्षे, बांधून राहिली ती चाळिशीच्याही वर. पत्रे अजून शाबूत, हेच तिचे दुर्दैव. गंजली असती तर सुटली असती. बँकेत अशी खाती असतात. बुडीत म्हणावे तर तारण आहे, चालू म्हणावे तर हालचाल नाही; दर मार्चला त्यांच्यापुढे तोच शेरा पडतो.

तशीच 'एडवर्ड एल. रायर्सन', १९६० ची. काठावरचे वहीवाले तिला सरोवरांवरची सर्वांत देखणी बोट म्हणतात आणि मला ते पटते. इनलँड स्टील या कंपनीने हौसेने बांधलेली. १९९८ साली ती कंपनी आपल्या लक्ष्मी मित्तलांच्या 'इस्पात'ने घेतली, त्याच साली ही बोट बांधली गेली. २००६ मध्ये तेजी आली म्हणून पुन्हा काढली, तीन हंगाम चालली, २००९ मध्ये परत बांधली. सोंड नव्हती.

उरलेले काम आकाराने केले. सॉल्ट सेंट मेरीला १९६९ मध्ये नवे पो लॉक रीतसर खुले झाले, १,२०० फूट लांबीचे. लगेच १९७२ पासून हजार फुटी बोटी निघाल्या. १९८१ पर्यंत तेरा. एकेक बोट साठ हजार टनांच्या आसपास माल नेणारी. 'चॅलेंजर'सारख्या सहा बोटींचे काम एका फेरीत आणि एका बोटीच्या खलाशांत. नायगाराला वळसा घालणाऱ्या वेलँड कालव्यात ७४० फुटांपेक्षा लांब बोट मावत नाही. म्हणजे या राक्षसिणी वरच्या चार सरोवरांतच जन्मभर अडकलेल्या. पण वरच्या चारांत त्यांनी मधल्या आकाराच्या बोटींचा बाजार उठवला. गंमत अशी की अगदी छोट्या, म्हाताऱ्या बोटी वाचल्या त्या छोट्या म्हणूनच. क्लीव्हलंडच्या वळणावळणाच्या नदीत, लहानशा सिमेंटच्या धक्क्यावर हजार फुटी जाणार कशी? तेराव्या हजार फुटीचे काम संपेपर्यंत पोलादाचीच मंदी आली. ऐंशीच्या दशकात डझनावारी बोटी भंगारात गेल्या. काही तर पनामा कालव्यातून पार तैवानच्या काओशुंगपर्यंत ओढत नेल्या. ज्यांनी कधी मिठाचे पाणी पाहिले नव्हते, त्यांचा समुद्राशी पहिला परिचय तो.

इथपर्यंतचा हिशेब आकड्यांचा झाला. आता त्या फॉर्मात नसलेल्या रकान्याकडे वळतो.

'डॅनियल जे. मॉरेल' ही बोटही १९०६ चीच, 'चॅलेंजर'ची वर्गमैत्रीण म्हणा. नोव्हेंबर १९६६ मध्ये ती साठ वर्षांची होती. हंगाम संपत आला होता, एक वाढीव फेरी करायची ठरली. २९ नोव्हेंबरच्या पहाटे ह्यूरन सरोवरात वादळाने तिला गाठले आणि ती मधोमध मोडली. पुढच्या तुकड्यावरची काही माणसे तराफ्याभोवती जमली. अंधारात एक बोट जवळून येताना दिसली, सुटकेचा भास झाला. ती त्यांच्याच बोटीचा मागचा अर्धा भाग होता. इंजिन चालूच होते, दिवे लागलेले होते, आणि तो तुकडा आपल्याच पुढच्या तुकड्याला ओलांडून वादळात निघून गेला. पुढे कित्येक मैलांवर तळाशी सापडला. एकोणतीस जणांपैकी एक वाचला. दीड दिवस तो तराफ्यावर तीन मृत सोबत्यांबरोबर होता.

चौकशीत निघाले ते असे: जुन्या काळचे पोलाद थंडीत ठिसूळ होते आणि काचेसारखे तडकते. त्याच वादळातून वाचलेली तिची सख्खी बहीण 'एडवर्ड वाय. टाउन्सेंड' तपासली, तर तिच्याही डेकला भेग गेलेली. तिला पुन्हा कामावर पाठवले नाही. १९६८ मध्ये भंगारासाठी स्पेनकडे ओढत नेत असताना अटलांटिकमध्ये तीही मोडून बुडाली. गोडे पाणी गंज थांबवते, थकवा थांबवत नाही. साठ वर्षे लाटांवर वाकलेला पत्रा वरून चकचकीत दिसू शकतो. रंगाच्या थराखाली त्याने काय सोसले ते कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

अर्थात वय म्हणजे सर्व काही नाही, हेही खरे. सरोवरांवरची सर्वांत प्रसिद्ध बुडालेली बोट 'एडमंड फिट्झजेराल्ड' जेमतेम सतरा वर्षांची होती. तिची मालक एक विमा कंपनी, हे मला कळले तेव्हा मी चमकलो. मिलवॉकीच्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या आयुर्विमा कंपनीने गुंतवणूक म्हणून ती बांधून घेतली, आपल्या अध्यक्षांचे नाव दिले आणि दुसऱ्या कंपनीला भाड्याने चालवायला दिली. विधवा-पोरक्यांच्या हप्त्यांतून बांधलेली बोट. १० नोव्हेंबर १९७५ च्या संध्याकाळी सुपीरियर सरोवरात, सव्वीस हजार टन टॅकोनाइटसह, ती एकोणतीस माणसांना घेऊन बुडाली. एकही मृतदेह हाती आला नाही. पुढच्या वर्षी गॉर्डन लाइटफूट या कॅनडियन गायकाने तिच्यावर गाणे केले आणि तिचे नाव जगभर गेले. 'मॉरेल'वर गाणे झाले नाही.

'फिट्झजेराल्ड'च्या मागोमाग त्या रात्री 'आर्थर एम. अँडरसन' ही १९५२ ची बोट होती. सुरक्षित खाडीत पोहोचल्यावर, शोधासाठी पुन्हा त्याच वादळात जाणार का, असे तटरक्षक दलाने विचारले आणि ती गेली. २०१७ मध्ये तिलाही बांधून ठेवले होते. २०१९ मध्ये ती परत कामावर आली. तिच्याच साली बांधलेली 'मिशिपिकोटन' जून २०२४ मध्ये सुपीरियरमध्ये टॅकोनाइट नेत असताना तळाच्या पत्र्याला भेग पडून पाणी घेऊ लागली. हवा शांत होती. बोट कलली, पण पंप चालले आणि ती थंडर बेला पोहोचली. कोणी दगावले नाही. वर्तमानपत्रांत ही बातमी एक दिवस टिकली. बहात्तर वर्षांच्या पत्र्यावर बावीस जणांची नोकरी होती, आणि नोव्हेंबर नव्हता, एवढाच फरक.

म्हणून जुन्या बोटी गेल्या याचे दुःख करणाऱ्यांच्या रांगेत मी सरळ उभा राहू शकत नाही. वहीवाल्यांचे डोळे पाणावतात ते समजते. पण कॅनडाने २०१० साली परदेशी बनावटीच्या बोटींवरची २५ टक्के जकात उठवली, तिथल्या कंपन्यांनी चीनमध्ये नव्या बोटी बांधून घेतल्या, आणि पन्नास-पन्नास वर्षांच्या बोटी रिकाम्या करून तुर्कस्तानच्या अलिआगाला पाठवल्या, तेव्हा तिथल्या खलाशांच्या बायकांनी निःश्वास टाकला असेल असेच मला वाटते. अमेरिकेच्या बाजूला २०२२ मध्ये 'मार्क डब्ल्यू. बार्कर' ही नवी बोट निघाली, ती जवळजवळ चाळीस वर्षांतली पहिली. एका पिढीत एक. आणि ज्यांना तिथे अजून 'नव्या' म्हणतात त्या हजार फुटी बोटी आता पंचेचाळीस ते पन्नाशीच्या पुढे आहेत. समुद्रावर असत्या तर अलंगलाच गेल्या असत्या.

अलंगवरून आठवले. कॅनडाच्या काही बोटी खरोखरच तिथे आल्या, अर्धी पृथ्वी ओलांडून. गॅस कटर घेऊन त्या कापणाऱ्या ओडिशा-बिहारच्या मजुरांना हा पत्रा गोड्या पाण्यातला आहे हे ओळखू आले असेल का, असे मला उगीचच वाटत राहते. आपला संबंध तेवढ्यावर संपत नाही. सॉल्ट सेंट मेरीचा अल्गोमा हा पोलाद कारखाना २००७ साली मुंबईच्या 'एस्सार'ने विकत घेतला होता. २०१५ मध्ये कारखान्याला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला आणि पुढे तो त्यांच्या हातून गेला. त्याच अल्गोमात जुलै २०२५ मध्ये विजेची भट्टी पेटली. विजेच्या भट्टीला खनिज लागत नाही. तिला भंगार लागते. अमेरिकेत आज दहातले सात भाग पोलाद अशाच भट्ट्यांतून निघते. म्हणजे ऑन्टारिओतल्या पोर्ट कोलबर्नच्या भंगारगोदीत एखादी बोट कापली की तिचा पत्रा वितळून नवे पोलाद होणार, आणि ते पोलाद करण्यासाठी खनिजाची बोट लागणार नाही. कोळशाचेही तेच. ऑन्टारिओ प्रांताने २०१४ पर्यंत कोळशावरची सगळी वीज बंद केली, नँटिकोकचे प्रचंड वीजकेंद्र थंड झाले. त्या बातमीचा आनंद आपल्यालाही व्हायला हवा आणि होतो. फक्त त्या केंद्राकडे कोळसा नेणाऱ्या बोटींच्या खलाशांकडे तेव्हा कोणी पाहिले नाही.

गोव्याच्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. मांडवी आणि जुवारीतून खनिज नेणारे बार्ज २०१२ च्या खाणबंदीनंतर नदीकाठी ओळीने उभे राहिले. बँकांचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत, ते पुढे चालतच होते. तिथे बोटी नव्या होत्या आणि कर्जे जिवंत. सरोवरांवर बोटी म्हाताऱ्या आणि कर्जे कधीच फिटलेली. मालकाच्या दृष्टीने दुसरे बरे. खलाशाच्या दृष्टीने फारसा फरक नसावा.

'चॅलेंजर'चे काय झाले ते सांगायचे राहिले. २०१३ च्या हिवाळ्यात तिला स्टर्जन बेच्या गोदीत नेले. इंजिन काढून टाकले, सुकाणूची केबिन काढली, खलाशांच्या खोल्या गेल्या. मागच्या बाजूला खाच पाडून तिचा बार्ज केला. आता एक टग तिच्या पाठीत नाक खुपसून तिला ढकलतो. टगवर खलाशी कमी लागतात, जवळजवळ निम्मे. ती या शस्त्रक्रियेमागची खरी प्रेरणा. १९०६ चा पत्रा तसाच चार्लवॉयहून सिमेंट वाहायला लागला. तिचे वय मोजायचे की नाही, यावर वहीवाल्यांत वाद आहे. काही जण इंजिन गेले म्हणजे बोट गेली असे मानतात आणि आता 'अल्पेना'ला ज्येष्ठत्व देतात. एकाने मला गंभीरपणे विचारले, तुमच्या धर्मात याला काय म्हणतात? मी म्हटले, आमच्याकडे यावर पुष्कळ लिहून ठेवलेले आहे, पण बार्जविषयी काही नाही.

ज्यांचे नशीब बरे त्या म्युझियम झाल्या: क्लीव्हलंडला १९२५ ची 'विल्यम जी. मेदर', डुलुथला १९३८ ची 'विल्यम ए. आयर्विन'. म्युझियम करण्यालाही पैसा लागतो. १९०४ ची 'जे. बी. फोर्ड' ही १९०५ आणि १९१३ या दोन्ही महाभयंकर वादळांतून वाचलेली बोट. तिला जपण्याची धडपड पैशाअभावी फसली आणि २०१५ मध्ये ती डुलुथला कापली गेली. काही बोटींचा एखादा अवयव तेवढा उरतो. 'विल्यम क्ले फोर्ड' ही त्यांतली. 'फिट्झजेराल्ड'च्या रात्री 'अँडरसन'बरोबर शोधाला निघालेली दुसरी बोट हीच. ऐंशीच्या दशकात ती भंगारात निघाली, तेव्हा सुकाणूची केबिन कापून डेट्रॉइटच्या बेल आइल बेटावरच्या म्युझियमला जोडली. भाची मला तिथे घेऊन गेली होती. आत चाक आहे, होकायंत्र आहे, पितळी भोंगे आहेत, आणि समोरच्या काचांतून डेट्रॉइट नदी दिसते. एक शाळकरी मुलगा चाक गरगर फिरवत होता. बाहेरून एक टग खालच्या अंगाला चालला होता, पुढे लांबलचक बार्ज ढकलत. नाव वाचायला मी चष्मा काढला, पण तोवर तो झाडांच्या आड गेला होता.